रंगीत पाणी निर्मळ कसें होतें?

विद्यार्थिमित्रहो, रंगपंचमीच्या सायंकाळीं मोरीच्या तोंडाशीं उभें राहून आपण कधीं पाहिलें आहे काय? दिवसभराचा खेळ संपलेला असतो, कपडे धुण्यास पडलेले असतात, आणि मोरीवाटे तांबडें, जांभळें, हिरवें पाणी वाहात असतें. तें गटारांत गेलें म्हणजे आपल्या दृष्टीनें त्याचा प्रश्न मिटला. परंतु पाणी कोठें नाहींसें होत नाहीं. गटारांतून ओढ्यांत, ओढ्यांतून नदींत, आणि नदींतून कोणाच्या तरी शेतांत किंवा घागरींत तें जावयाचेंच. आपल्या घरची रंगपंचमी वर्षांतून एकदां येते. पण ज्या गांवीं कापड रंगविण्याचे कारखाने आहेत, तेथील नदीस ती बारा महिने खेळावी लागते. अशा पाण्यांतून रंग काढून घेण्याच्या ज्या युक्त्या शास्त्रज्ञांनीं शोधून काढल्या आहेत, त्यांपैकीं एका युक्तीची ओळख या लेखांत करून द्यावयाची आहे.

प्रश्नाचें गांभीर्य समजण्यास दोन उदाहरणें पुरेत. निळीच्या पिंपांत पडलेल्या कोल्ह्याची पंचतंत्रांतील गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. २०१७ सालच्या ऑगस्ट महिन्यांत नवी मुंबईजवळील तळोजा येथील औद्योगिक वसाहतींत ती गोष्ट जणूं खरी झाली. निळसर अंगाचे कुत्रे तेथें फिरतांना लोकांस दिसले. त्यांचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झालीं, चौकशी झाली, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानें एका कारखान्यास काम बंद करण्याचा हुकूम दिला. कुत्र्याच्या अंगावरील रंग डोळ्यांस दिसला म्हणून गवगवा झाला. शेजारून वाहणाऱ्या कासाडी नदींतील माशांची तक्रार मात्र कोणी ऐकावयाची?

दुसरें उदाहरण तमिळनाडूंतील तिरुप्पूर शहराचें. गंजिफ्रॉक व तत्सम विणीच्या कपड्यांचें तें मोठें केंद्र होय. सह्याद्रीच्या रांगांत उगम पावणारी नोय्यल नदी कोइमतूर व तिरुप्पूर या शहरांवरून वाहात जाऊन कावेरीस मिळते. तिच्यावर ओरथुपालयम येथें शेतीस पाणी मिळावें म्हणून धरण बांधलें. तें १९९२ सालीं पुरें झालें. परंतु त्यांत जें पाणी सांठलें तें रंगकामाचें, खारट व गढूळ. ज्या शेतकऱ्यांसाठीं धरण बांधलें त्यांनाच तें पाणी नकोसें झालें. प्रकरण न्यायालयांत गेलें. वर्षामागून वर्षें लोटलीं. आणि अखेर जानेवारी २०११ मध्यें मद्रास उच्च न्यायालयानें तेथील रंगशाळा बंद ठेवण्याचा हुकूम दिला. त्यामुळें शेतकऱ्यास न्याय मिळाला, पण रंगशाळांत राबणाऱ्या हजारों मजुरांच्या चुली थंडावल्या. पुढें पाणी शुद्ध करून तें पुन्हां वापरण्याची यंत्रसामग्री बसविल्यावर धंदा हळूहळू सुरू झाला. एकीकडे शेतकऱ्याचें शेत आणि दुसरीकडे मजुराची भाकरी. या दोहोंपैकीं एकाचा बळी न देतां दोन्ही राखावयाचीं असतील, तर रंगीत पाणी स्वस्तांत व खात्रीनें निर्मळ करण्याची विद्या हस्तगत केली पाहिजे.

प्रथम हे रंग आले कोठून तें पाहूं. पूर्वीं नीळ, मंजिष्ठ, हळद, पळसाचीं फुलें, लाख अशा वस्तूंपासून रंगारी रंग काढीत असत. १८५६ सालीं लंडन येथें विल्यम हेन्री पर्किन नांवाचा १८ वर्षांचा विद्यार्थी ईस्टरच्या सुटींत आपल्या घरच्या लहानशा प्रयोगशाळेंत हिंवतापावरील क्विनीन कृत्रिम रीतीनें बनवितां येतें काय, हें पाहात होता. क्विनीन हातीं लागलें नाहीं. भांड्याच्या तळाशीं काळपट गाळ मात्र जमला. दुसऱ्या कोणीं तो फेंकून दिला असता. पर्किननें तो मद्यार्कांत विरघळविला, तों सुंदर जांभळा रंग प्रकट झाला! कृत्रिम रंगांच्या प्रचंड धंद्याचा पाया एका विद्यार्थ्याच्या फसलेल्या प्रयोगानें घातला गेला. पुढें २० वर्षांनीं, १८७६ सालीं, हाइनरिश कारो या जर्मन रसायनज्ञानें मेथिलीन ब्ल्यू हा निळा रंग तयार केला. तोच आज आपल्या प्रयोगशाळेंतील बाटलींत आहे. १९५६ सालीं इंग्लंडांत 'रिअॅक्टिव्ह' जातीचे रंग बाजारांत आले. हे सुती धाग्याशीं रासायनिक संयोग पावतात, म्हणून धुतले तरी उतरत नाहींत.

परंतु ज्या गुणामुळें रंग कपड्यावर पक्का बसतो, तोच गुण नदींत गेल्यावर दोष ठरतो. ऊन, पाणी, साबण यांस दाद देऊं नये अशीच त्याची रचना मुद्दाम केलेली असते. मग सूर्यप्रकाशानें वा जंतूंच्या योगानें तो पाण्यांत सहजासहजीं कसा नष्ट व्हावा? शिवाय सर्वच रंग धाग्यास लागत नाहीं. रिअॅक्टिव्ह रंगांचा कांहीं भाग धाग्याऐवजीं पाण्याशींच संयोग पावतो व निकामी होऊन वाहून जातो. रंगाच्या जातीप्रमाणें व कामाच्या रीतीप्रमाणें हा वांया जाणारा भाग शेंकडा १० पासून कधीं कधीं शेंकडा ४० पर्यंतही असतो.

पाण्यांत असा रंग अगदीं थोडा असला तरी तो दिसतो. कित्येक रंगांचा एक ग्रॅम हजार लिटर पाण्यांत मिसळला तरी पाण्यास छटा येते. पाणी रंगीत झालें म्हणजे सूर्यप्रकाश खालपर्यंत पोंचत नाहीं. प्रकाश नाहीं म्हणून पाणवनस्पतींस अन्न तयार करतां येत नाहीं व त्यांच्यापासून मिळणारा प्राणवायु कमी होतो. प्राणवायु घटला म्हणजे मासे तळमळतात. 'अॅझो' जातीच्या कांहीं रंगांचें विघटन होऊन जे पदार्थ निघतात, त्यांपैकीं कित्येकांचा कर्करोगाशीं संबंध सिद्ध झाला आहे. याच कारणास्तव १९९० नंतरच्या दशकांत भारत सरकारनें अशा शंभराहून अधिक रंगांवर बंदी घातली.

आतां कोणी विचारील कीं, गढूळ पाणी आपण घरीं निवळून घेतोंच. तीच रीत येथें कां चालूं नये? आजीबाई घागरींत तुरटी फिरवितात, किंवा घागरीच्या आंतल्या बाजूस निवळीचें बीं घांसतात. थोड्या वेळानें गाळ तळाशीं बसतो. परंतु गढूळ पाणी आणि रंगीत पाणी यांत मोठा भेद आहे. गढूळ पाण्यांत मातीचे कण तरंगत असतात. रंगीत पाण्यांत बहुधा रंगाचे रेणु साखरेसारखे विरघळलेले असतात. साखरेचें पाणी फडक्यांतून कितीही वेळां गाळलें तरी गोडी फडक्यावर राहात नाहीं. तद्वत् विरघळलेला रंग गाळण्यानें निघत नाहीं. तुरटी व चुना घालून कांहीं रंग खालीं बसवितां येतात, पण त्यांत चिखलाचे ढीग सांचतात आणि रिअॅक्टिव्ह रंग तर पुष्कळदां तसेच राहतात.

येथें एक जुनी ओळख उपयोगी पडते, ती कोळशाची. १७८५ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें टोबिआस लोव्हिट्स या रसायनज्ञास असें आढळून आलें कीं, मळकट द्रावणांत लांकडी कोळशाची पूड घातली असतां त्याचा रंग जातो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हाडांच्या कोळशांतून उसाचा तपकिरी रस गाळून पांढरी साखर करण्याची पद्धति युरोपांत रूढ झाली. कोळसा हा सर्वांत काळा पदार्थ, आणि इतरांस पांढरें करण्याचें काम त्याच्याकडे! बाह्य रूपावरून गुणाची परीक्षा करूं नये, हें येथेंही खरें ठरतें.

कोळसा रंग कसा काढतो? स्पंज पाणी शोषतो तेव्हां पाणी त्याच्या पोटांत सर्वत्र भिनतें. हें झालें साधें शोषण. परंतु गवतांतून चालतांना धोतराच्या कांठास कुसळें चिकटतात, तीं धोतराच्या सुतांत विरघळत नाहींत. पृष्ठभागावर मात्र घट्ट बसतात. रंगाचे रेणु कोळशाच्या पृष्ठभागास असेच चिकटतात. या क्रियेस अधिशोषण म्हणतात, आणि ज्या पदार्थावर ती घडते त्यास अधिशोषक. अर्थात् पृष्ठभाग जितका मोठा तितके रेणु अधिक मावतील. नारळाची करवंटी, लांकूड किंवा दगडी कोळसा प्रखर उष्णतेंत वाफेच्या झोतांत तापविला, म्हणजे त्यांत असंख्य सूक्ष्म छिद्रें पडतात. अशा कोळशास सक्रिय कोळसा म्हणतात. त्याच्या केवळ एका ग्रॅमांत, म्हणजे चिमूटभर पुडींत, आंतबाहेर मिळून हजार चौरस मीटरांच्या आसपास पृष्ठभाग असूं शकतो. आपल्या कबड्डीच्या क्रीडांगणाचें माप १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १३० चौरस मीटर. तेव्हां एका चिमटींत साडेसात क्रीडांगणें घडी घालून ठेवलेलीं आहेत असें समजा!

सक्रिय कोळसा इतका गुणवान असतां दुसरा अधिशोषक शोधावा कां? एक तर तो महाग पडतो. दुसरें, त्याची बारीक पूड पाण्यांतून पुन्हां वेगळी करणें जिकिरीचें असतें. आणि तिसरें, एकदां रंगानें भरलेला कोळसा पुन्हां कामास आणावयाचा तर बहुधा तो भट्टींत तापवावा लागतो व प्रत्येक खेपेस त्याचा कांहीं अंश जळून जातो. म्हणून शास्त्रज्ञांची दृष्टि माती व टाकाऊ पदार्थ यांकडे वळली.

मातीचा गुण पाहण्यासाठीं एक सोपा प्रयोग सांगतों. तो शिक्षकांच्या परवानगीनें प्रयोगशाळेंतच करावा. स्वयंपाकघरांतील भांडीं त्यासाठीं घेऊं नयेत. कांचेचे दोन पेले पाण्यानें भरा. एकांत मेथिलीन ब्ल्यूच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब टाका. दुसऱ्यांत इओसिन या तांबड्या रंगाचे तितकेच थेंब टाका. दोहोंत चमचा चमचा मुलतानी माती घालून दहा मिनिटें ढवळा आणि रात्रभर तसेच राहूं द्या. सकाळीं काय दिसेल? निळ्या पेल्यांतील माती निळी होऊन तळाशीं बसलेली असेल, व वरचें पाणी जवळजवळ स्वच्छ झालेलें असेल. तांबड्या पेल्यांत मातीही तळाशीं बसेल, पण पाणी तांबडेंच राहील. माती तीच, पाणी तेंच; मग असा पक्षपात कां?

याचें कारण विद्युद्भार. मुलतानी माती, बेंटोनाइट यांसारख्या मातींचे कण वहीच्या पानांप्रमाणें एकावर एक रचलेल्या अत्यंत पातळ थरांचे असतात, आणि त्या थरांवर ऋण विद्युद्भार असतो. मेथिलीन ब्ल्यूचा रेणु पाण्यांत धन विद्युद्भार धारण करतो. विरुद्ध भार एकमेकांस ओढतात हा नियम आपण शिकलांच आहां. म्हणून निळा रंग मातीच्या थरांत जाऊन बसतो. इओसिनचा रेणु मात्र ऋण भाराचा. त्यास माती जवळ करीत नाहीं. अडचण अशी कीं, कापडाच्या धंद्यांत सर्वाधिक खपणारे रिअॅक्टिव्ह रंग इओसिनप्रमाणें ऋण भाराचेच असतात. त्यांना धरून ठेवण्यास धन भाराचा कोणी तरी हवा.

तो सांपडला कोळंबीच्या टरफलांत. कोळंबी, खेंकडा यांच्या कवचांत काइटिन नांवाचा पदार्थ असतो. टरफलें सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लांत ठेवलीं म्हणजे त्यांतील चुन्याचा अंश जातो. सौम्य कॉस्टिक सोड्यानें प्रथिनें निघून जातात. उरतें तें काइटिन. तें अतितीव्र कॉस्टिक सोड्यांत तापविलें म्हणजे काइटोसान तयार होतें. कोंकण किनाऱ्यावर किंवा केरळांत कोळंबी सोलण्याच्या ठिकाणीं टरफलांचे ढीग कुजत पडतात, त्यांचा असा सदुपयोग होऊं शकतो. कोची येथील केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेनें या विषयांत पुष्कळ काम केलें आहे. काइटोसानच्या रेणूंत अमिनो गट असतात. पाणी किंचित् आम्लधर्मी असलें कीं या गटांवर धन भार येतो, आणि ऋण भाराचे रंग त्यांकडे धांव घेतात.

पण एकट्या काइटोसानवर भिस्त ठेवतां येत नाहीं. तें पाण्यांत फुगतें, मऊ पडतें, आणि पाणी अधिक आम्लधर्मी झालें तर चक्क विरघळून जातें. एकटी मातीही निरुपद्रवी नाहीं. तिचा पाण्यांत चिखल होतो व तो बसतां बसत नाहीं. नळकांड्यांत भरली तर पाणी पुढें सरकूं देत नाहीं. म्हणजे प्रत्येकाच्या अंगीं एक गुण व एक वैगुण्य. अशा वेळीं आपले गांवकरी काय करतात? नुसत्या मातीची भिंत पावसांत ढांसळते, नुसत्या गवताची भिंत उभीच राहात नाहीं. म्हणून मातींत गवताचा भुसा कालवून ते भिंत रचतात. सिमेंटांत लोखंडाच्या सळया घालण्यामागेंही हेंच तत्त्व आहे. दोन किंवा अधिक पदार्थ असे एकत्र आणावयाचे कीं, एकाचें वैगुण्य दुसऱ्याच्या गुणानें झांकलें जावें. अशा पदार्थास संमिश्र पदार्थ म्हणतात, आणि त्याचा उपयोग रंग धरण्याकडे केला म्हणजे तो संमिश्र अधिशोषक झाला.

त्याची कृति पाहण्यासारखी आहे. काइटोसान पातळ अॅसेटिक अम्लांत, म्हणजे शिरक्यांतील अम्लांत, विरघळविलें म्हणजे मधासारखा दाट रस होतो. त्यांत बेंटोनाइटची बारीक पूड घालून पुष्कळ वेळ घोटतात. कित्येक शास्त्रज्ञ त्यांत मॅग्नेटाइट या काळ्या लोह-भस्माचे अतिसूक्ष्म कणही मिसळतात. हें मिश्रण पिचकारींतून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणांत थेंब थेंब सोडलें, कीं प्रत्येक थेंब तेथल्या तेथें घट्ट होऊन साबुदाण्यासारखा गोल मणी बनतो. कारण काइटोसान अम्लांत विरघळतें, अल्कलींत विरघळत नाहीं. मणी धुऊन घेतात, आणि तें पुढें अम्लांतही विरघळूं नये म्हणून त्याच्या लांब सांखळ्या दुसऱ्या एका रसायनानें एकमेकींस आडव्या बांधून टाकतात.

आतां या मण्यांत कोणाचें काय काम आहे तें लक्षांत घ्या. काइटोसान ऋण भाराचे रंग धरतें व सर्वांस एकत्र बांधून ठेवतें. माती धन भाराचे रंग धरते, आणि मण्यास बळकटी आणून त्याचें फुगणें आवरते. मॅग्नेटाइट रंग फारसा धरीत नाहीं. पण काम संपल्यावर भांड्याजवळ लोहचुंबक आणला कीं, सर्व मणी त्याच्याकडे ओढले जातात व निर्मळ पाणी वरच्यावर ओतून घेतां येतें. गाळण्याची दगदग वांचते.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगणें अवश्य आहे. संमिश्र पदार्थाचे गुण म्हणजे घटकांच्या गुणांची साधी बेरीज नव्हे. काइटोसानचा धन भार व मातीचा ऋण भार एकमेकांसही ओढतात. त्यामुळें मणी मजबूत होतो हें खरें. पण जितक्या जागा परस्परांत गुंतल्या तितक्या रंगासाठीं उरत नाहींत. म्हणून कोणता घटक किती घ्यावा, याचें माप प्रयोगानेंच ठरवावें लागतें. सुगरण ज्याप्रमाणें मीठ-तिखटाचा अंदाज घेते त्याप्रमाणेंच हें आहे, फक्त येथें जीभेऐवजीं तराजू व रंगमापक यंत्र यांची साक्ष काढतात.

रंग किती धरला जाईल हें आणखी कित्येक गोष्टींवर अवलंबून असतें. पाणी आम्लधर्मी आहे कीं अल्कधर्मी, हें पहिलें. रिअॅक्टिव्ह रंगाचें सांडपाणी बहुधा अल्कधर्मी असतें; तशा पाण्यांत काइटोसानचा धन भार नाहींसा होतो, म्हणून आधीं अम्ल घालून पाणी ठाकठीक करावें लागतें. दुसरी गोष्ट वेळ. आरंभीं रंग झपाट्यानें चिकटतो, पुढें मंद गतीनें, आणि अखेर थांबतो. वर्गाची घंटा झाल्यावर पहिल्या मुलांस हवें तें बाक मिळतें. शेवटच्यांस जागा हुडकीत फिरावें लागतें. आणि बाकें भरलीं कीं संपलें. मण्यावरील जागांचेंही असेंच आहे. एका जागीं एकच रेणु बसतो असें मानून अर्व्हिंग लॅंगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९१८ सालीं याचें गणिती सूत्र मांडलें. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रांतील कामगिरीबद्दल त्यास १९३२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आजही कोणताही नवा अधिशोषक निघाला कीं, त्याचा एक ग्रॅम अधिकांत अधिक किती मिलिग्रॅम रंग धरतो हें या सूत्राच्या साहाय्यानें काढतात.

या अंकाचा व्यवहारांत अर्थ काय, हें समजण्यासाठीं एक उदाहरण सोडवूं या. समजा, एका रंगशाळेंतून रोज १,००,००० लिटर पाणी निघतें व त्याच्या प्रत्येक लिटरांत १०० मिलिग्रॅम रंग आहे. म्हणजे रोज १० किलो रंग वाहून जातो. आपला अधिशोषक ग्रॅमास १०० मिलिग्रॅम रंग धरतो असें धरलें, तर रोज १०० किलो अधिशोषक लागेल, आणि ३०० दिवसांच्या वर्षांत ३० टन! इतका माल आणावयाचा कोठून आणि वापरून झाल्यावर टाकावयाचा कोठें? म्हणूनच तो पुन्हां वापरतां येणें अत्यंत महत्त्वाचें आहे. रंगानें भरलेले मणी थोड्याशा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यांत ठेवले, तर काइटोसानचा धन भार जातो व त्यानें धरलेला रंग सुटून बाहेर येतो. मणी धुऊन पुन्हां कामास लावतां येतात. तेच मणी पांच वेळां वापरतां आले, तर ३० टनांच्या जागीं ६ टन पुरतील. मात्र प्रत्येक खेपेस त्यांची शक्ति थोडी थोडी उणावते, हें विसरतां कामा नये.

हें सर्व वाचून कोणास असें वाटेल कीं, आतां सर्व नद्यांचें संकट टळलेंच. तसें नाहीं, आणि विद्यार्थ्यांपुढें शास्त्राची कीर्ति गातांना त्याच्या मर्यादाही सांगणें हें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. प्रयोगशाळेंतील पुष्कळसे प्रयोग शुद्ध पाण्यांत एकच रंग विरघळवून केलेले असतात. कारखान्याच्या पाण्यांत अनेक रंग, साबण, खळ, तेल व मीठ यांची खिचडी असते. हे सर्व पदार्थ त्याच जागांसाठीं झगडतात, म्हणून तेथें तोच अधिशोषक पुष्कळ कमी रंग धरतो. दुसरें असें कीं, अधिशोषणानें रंग नष्ट होत नाहीं. तो केवळ पाण्यांतून मण्यावर येतो. मण्यांतून सुटलेल्या दाट रंगाची व अखेर निकामी झालेल्या मण्यांची नीट विल्हेवाट लावली नाहीं, तर घरांतील केर शेजाऱ्याच्या अंगणांत लोटल्यासारखें होईल. तिसरें, रंगकामांत ओतलेलें मीठ मण्यांस चिकटत नाहीं. पाणी कांचेसारखें स्वच्छ दिसलें तरी तें खारट असूं शकतें, आणि खारट पाण्यानें शेत नापीक होतें. तिरुप्पूरच्या शेतकऱ्यांचें दुःख रंगाइतकेंच मिठाचेंही होतें. म्हणून तेथें पुढें अतिसूक्ष्म पडद्यांतून दाबानें पाणी गाळण्याची व उरलेलें खारें पाणी आटविण्याची यंत्रें बसवावीं लागलीं. अशा मोठ्या योजनेंत अधिशोषक हा एक उपयुक्त गडी आहे. एकट्यानें सामना जिंकणारा वीर नव्हे.

पालकांनींही या विषयांत लक्ष घालावें अशी विनंति आहे. आपण गडद रंगाचा स्वस्त कपडा घेतों, तेव्हां त्याच्या किंमतींत पाणी शुद्ध करण्याचा खर्च धरलेला असतो कीं नाहीं, हें आपण कधीं विचारीत नाहीं. तो खर्च कारखानदारानें केला नाहीं, तर तो टळत नाहीं. नदीच्या खालच्या अंगास राहणाऱ्या कुटुंबांस तो आजाराच्या व नापिकीच्या रूपानें भरावा लागतो. घरीं उरलेले रंग व औषधें मोरींत ओतूं नयेत, रंगपंचमीस थोडा व निरुपद्रवी रंग वापरावा, एवढें तर प्रत्येकास करतां येण्यासारखें आहे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढेंच सांगावयाचें कीं, या शास्त्रांत अद्याप पुष्कळ काम व्हावयाचें राहिलें आहे. त्यासाठीं लागणारा माल परदेशांतून आणावा लागत नाहीं. करवंटी आपल्या परसांत आहे, माती पायांखालीं आहे, आणि टरफलें कोळीवाड्याच्या उकिरड्यावर पडलेलीं आहेत. उणीव असेल तर ती चौकस दृष्टीची व चिकाटीची. पर्किन १८ वर्षांचा होता आणि त्याच्या भांड्यांत फेंकून देण्याजोगा गाळ होता. त्यानें जगास रंग दिले. तो रंग नदींतून परत काढून घेण्याचें काम तुमच्यापैकीं कोणी कां करूं नये? पुढील वेळीं प्रयोगशाळेंत निळ्या पेल्याच्या तळाशीं बसलेली माती पाहाल, तेव्हां या प्रश्नाचें स्मरण अवश्य ठेवा.